सरासरी घट म्हणजे सिद्धता नव्हे
कोलाट्झच्या अटकळीनुसार कोणत्याही धन पूर्णांकापासून निघून सम संख्येला २ने भागत आणि विषम संख्येच्या तिपटीत १ मिळवत गेल्यास शेवटी १ येतो. या अटकळीची आपण मांडलेली सिद्धता मी वाचली; तिचा युक्तिवाद असा, की एका विषम संख्येपासून पुढच्या विषम संख्येपर्यंत किंमत सरासरीने सुमारे ३/४ पट होते, म्हणून प्रत्येक संख्या १वर उतरलीच पाहिजे. सरासरीचा हिशेब बरोबर आहे. अडते ते ‘म्हणून’पाशी. १ मिळवण्याऐवजी वजा करून पाहावा: सरासरी तीच राहते, परंतु ५ पासून निघाल्यास १४, ७, २०, १० आणि पुन्हा ५ असे चक्र सुरू होते व १ कधीच येत नाही. जो युक्तिवाद या दोन नियमांत भेद करू शकत नाही, तो अपुराच ठरतो, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक हौशी सिद्धता (माझी स्वतःचीही) इथेच गळाल्या. मूळ नियमात २७ ही एवढीशी संख्या ९२३२ पर्यंत चढते आणि १११ पायऱ्यांनी १वर येते. गणितज्ञ टेरेन्स टाओ यांचा २०१९ मधील निकालसुद्धा ‘जवळजवळ सर्व’ संख्यांबद्दलच बोलतो. आपण सिद्धतेत केलेले विषम संख्यांचे वर्गीकरण नेटके आहे, ते ठेवावे. मिळवलेला १ नेमका कोणत्या पायरीत निर्णायक ठरतो, तेवढे दाखवावे.