परवडत नसेल तर थीम करू नका? का म्हणून?

जेसीबीची आई, डोंबिवली
काल इथे बाणेरच्या एका ताईंनी लिहिलं की पंचवीस-तीस हजार बाजूला काढता येत नसतील तर मुलाच्या वाढदिवसाला थीम करू नये. क्रेपच्या झिरमिळ्या लावून पाहुण्यांत हसं होतं, त्यापेक्षा देवळात जाऊन पेढे वाटावेत. वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचा मुलगा दोन वर्षांचा झाला. रस्ता खणत असतील तिथून त्याला हलवणं मुश्कील, म्हणून थीम जेसीबी. पिवळा-काळा क्रेप आणि कार्डशीट मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलं. फ्रिजच्या खोक्याचा जेसीबी नवऱ्याने कापला. मोठ्या परातीत कुरमुरे ओतून मुलांच्या हातात डाव आणि वाट्या दिल्या, ती तिथून उठायलाच तयार नव्हती. ढोकळ्याच्या विटा रचल्या. केक साधा किलोचा, वर बिस्किटांचा चुरा म्हणजे डबर आणि घरातलाच खेळण्यातला जेसीबी धुऊन ठेवलेला. वीस-बावीस माणसं, सगळं मिळून साडेसहा हजार. कोणी हसलं नाही. दोन वर्षांच्या मुलाला बॅकड्रॉप दिसत नाही, खणायला मिळतंय का एवढंच दिसतं.

बाणेरची ताई
माझं अर्धंच वाक्य उचललंत. अर्धवट नक्कल करू नये, असं मी म्हटलं होतं. आमच्या सोसायटीत एका घरी आईबाप रात्रभर फुगे फुगवत बसले आणि कार्यक्रमात एकमेकांवर खेकसत होते. बाळ केक कापायच्या आधीच झोपलं. डेकोरेटरला मी पैसे देते ते त्या दिवशी माणसांत बसता यावं म्हणून. तुमच्या साडेसहा हजारांत तुमच्या नवऱ्याची आणि तुमची मजुरी धरलीत का?

रात्रपाळीवाला बाबा, ठाणे
मजुरीचं ताईंचं खरं आहे. मला खोकी कापायला वेळ नसतो, म्हणून मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला पॅकेज घेतलं. ठरला होता एक बॅकड्रॉप, आला भलताच. वर पॅकेजमध्ये कार्टूनचा मुखवटा घातलेला माणूस होता. त्याला बघून पोरगी जी रडायला लागली ती पाहुणे जाईपर्यंत. एक वर्षाच्या लेकराला तो प्रकार राक्षसासारखा वाटतो, हे पॅकेज विकणाऱ्याला कळू नये? हप्ते अजून भरतोय.

सदाशिव पेठेतले आजोबा
मुळात थीम हवीच कशाला? आपल्याकडे संक्रांत ते रथसप्तमी बोरन्हाण असतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, औक्षण. याहून सुंदर थीम दाखवा. खर्च जवळजवळ शून्य. आणि लेकराच्या वाढदिवशी दिवा लावायचा की फुंकून विझवायचा?

जेसीबीची आई, डोंबिवली
काका, शून्य कसा? काटेरी हलवा करताना बघितलाय का कधी? शेगडीवर परात ठेवून तिळावर पाक थेंबथेंब सोडायचा आणि हात भाजत तासन्‌तास हलवत राहायचं. तो खर्च घरातल्या बायका करत होत्या, वहीत मांडला जात नव्हता इतकंच. आता दागिने विकत आणतो आपण, आणि बोरन्हाणाचेही बॅकड्रॉप लागतात.

सदाशिव पेठेतले आजोबा
माझ्या आईने ते आनंदाने केलं. तिच्या हौसेला मजुरी म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? दर गोष्टीत बायकांचे कष्ट शोधायची ही नवी सवय लागली आहे लोकांना.

बालरुग्ण विभागातली परिचारिका, नाशिक
भांडा खुशाल, पण एक ऐका. बोरन्हाणात दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून बोरं, शेंगदाणे, रेवड्या ओततात आणि ते हाताला लागेल ते तोंडात घालतं. शेंगदाणा किंवा बोराची बी श्वासनलिकेत गेली की काय धावपळ होते, ते आम्ही बघतो. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तर घशात चिकटूनच बसतो. गॅसच्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन भरलेला असतो, आणि त्यांच्याच घोसाखाली निरांजन नाहीतर मेणबत्ती! बजेट सहाचं असो की साठचं, हे आधी बघा.

सदाशिव पेठेतले आजोबा
म्हणजे आता बोरन्हाणही धोक्याचं! इतक्या पिढ्या वाढल्या त्या काय?

बालरुग्ण विभागातली परिचारिका, नाशिक
वाढल्या त्यांच्याच आठवणी सांगितल्या जातात, काका. बोरन्हाण बंद करा असं मी कुठे म्हटलं? लहानग्याच्या डोक्यावर चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घाला, बोरं मोठ्या मुलांना वेगळी लुटू द्या.

कोल्हापूरची वहिनी
थर्माकोलबद्दल कोणीच बोलत नाही. राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून थर्माकोलची सजावट बंद आहे, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्यासुद्धा. तरी डेकोरेटर मुलाच्या नावाची अक्षरं थर्माकोलचीच कापून आणतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं गटाराच्या तोंडाशी. आणि ती रिटर्न गिफ्टं! आमच्याकडे ड्रॉवरभर शिट्ट्या आणि खोडरबरं पडलीत, निम्मी मोडलेली. एकेक केळं द्या मुलांना, खातील तरी.

सदाशिव पेठेतले आजोबा
नातवाचं बोरन्हाण या संक्रांतीला आहे. शेंगदाणे आणि रेवड्या काढतो यादीतून. बोरं काढणार नाही, पण थोरल्या मुलांची पंगत वेगळी बसवीन. हलव्याच्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटलेलो नाही.

बाणेरची ताई
मलाही सगळं पटलेलं नाही. पण 'पेढे वाटा' हे लिहायला नको होतं, ते मागे घेते. धाकटीचा दुसरा वाढदिवस मार्चमध्ये आहे. हॉलची आगाऊ रक्कम भरली आहे, ती काही परत येणार नाही. सजावटीचं अजून कोणाला सांगितलेलं नाही. फ्रिजचं खोकं मिळवलंत कुठून?

जेसीबीची आई, डोंबिवली
फ्रिज-टीव्हीच्या दुकानात डिलिव्हरीवाल्या दादांना दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा, बहुतेक फुकटच देतात. आतला थर्माकोल घेऊ नका. जोडायला स्टेपलच्या पिना नकोत, मुलांच्या बोटांना लागतात, कागदी चिकटपट्टी वापरा. आणि खिडकी जरा मोठी कापा, दोन डोकी एकदम बाहेर काढायची असतात त्यांना.