शब्दचर्चा : ‘पलायनवादी’ कादंबरी आवडली असं म्हणायचं कसं?

रातराणी
आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’वर दीडशे शब्द लिहून दिले होते. मागच्या वर्षी आई दवाखान्यात होती, तेव्हा तिच्या खाटेशेजारी बसून रात्री हे पुस्तक वाचलं. गोष्टीतला पोरगा जिम जहाजावर सफरचंदांच्या पिपात दडून बसलाय आणि बाहेर समुद्री चाचा सिल्व्हर बंडाचा कट शिजवतोय, तिथे पोचले की जरा श्वास मोकळा व्हायचा. सलाईनची बाटली संपत आली की उठून नर्सला हाक मारायची, की परत पिपात. मी लिहिलं होतं, ‘जिवाला विसावा देणारी कादंबरी’. छापून आलं, ‘उत्तम पलायनवादी कादंबरी’. संपादकांना विचारलं, तर म्हणाले, एस्केपिस्टला हाच शब्द आहे, कोश बघा. बघितला, आहे. पण मी कुठेही पळाले नव्हते हो. रात्रभर तिथेच होते. दुसरा शब्द सुचवाल का?

पंतोजी
शब्दात खोट नाही, ताई. परा + अय्, म्हणजे दूर जाणे. ‘उपसर्गस्यायतौ’ (८.२.१९) या पाणिनीच्या सूत्राने ‘र’चा ‘ल’ झाला आणि पलायन सिद्ध झालं. भित्रेपणा धातूत नाही, तो आपण चिकटवला. समीक्षेत संज्ञा रूढ आहे. कुणाला टोचली म्हणून दर वेळी बदलायची ठरवली, तर कशालाच नाव उरणार नाही.

दर्यावर्दी
पंतोजी, व्युत्पत्ती मान्य. पण त्याच ‘पलायते’पासून आपलं ‘पळणं’ आलं, आणि पळणं म्हटलं की मराठी कानाला ‘पळपुटा’ ऐकू येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या नावाआधीचा तो शब्द दोनशे वर्षांत पुसला गेलेला नाही. उलट १६६६ साली महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटले, तो प्रसंग शाळेपासून आपण काय म्हणून ओळखतो? ‘आग्र्याहून सुटका’. तिथे ‘पलायन’ वाचलं तर मला तरी खटकेल. रण सोडून गेला तो पळाला, डांबलेला निघाला तो सुटला. हा भेद आपल्या भाषेत आधीपासून आहे, कोशकारांनी तो पाहिला नाही.

अक्षरगंध
अगदी हेच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनने १९३९ मध्ये परीकथांवरच्या व्याख्यानात मांडलं होतं. कैद्याची सुटका आणि सैन्य सोडून पळालेल्या शिपायाचं पलायन यांची टीकाकार गल्लत करतात, असं त्याचं म्हणणं. रातराणीताईंची ती रात्र पहिल्या जातीची.

रातराणी
वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण मग लिहू काय? ‘सुटकावादी कादंबरी’ जिभेवर बसत नाही.

पंतोजी
बसणार नाहीच. ‘विरंगुळा’ घ्या.

उंबरठा
विरंगुळा फार हलका पडतो. आमच्या वॉर्डात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र आहे, तिथे कॅरम आणि वर्तमानपत्रं. दवाखान्यातल्या रात्रीला तो शब्द पुरत नाही. ‘गुंगवणारी’ चालेल का? पण त्यात भुलीच्या औषधाचा वास येतो.

विदर्भवारा
मला या पुस्तकाच्या नावाचंच अडतं. मुलाला सांगताना ‘खजिन्याचं बेट’ म्हणतो, पण आमच्या घरात जमिनीत पुरलेल्या धनाला ‘गुप्तधन’च म्हणत. माझी आजी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतला हंडा दिसतो, अशी समजूत. लोक पणजोबांकडे येऊन बसायचे, म्हणायचे, पोरीला एकदा शेतावर धाडा. एकदा पणजोबांनी काठी उगारली होती, असं आजी सांगायची. सांगताना आवाज खाली घ्यायची.

उंबरठा
म्हणूनच मुलांच्या पुस्तकावर ‘गुप्तधन’ नको. माझ्या मनात तो शब्द मांत्रिक आणि नरबळीच्या बातम्यांना चिकटलेला आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा उल्लेख आहे. ‘खजिना’वर तसलं काही नाही. नकाशा, लाल शाईच्या तीन फुल्या, कुदळ, बस्स.

विदर्भवारा
पटलं. आजीलाही पटलं असतं.

पंतोजी
पण खजिना अरबी. ‘निधी’ हा सुंदर शब्द घरात असताना उसना का आणायचा? भाषाशुद्धीवाल्यांना तेव्हा नावं ठेवणारे पुष्कळ होते, आज ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ त्यांच्याही तोंडी आहेत. वापरला की रुळतो.

दर्यावर्दी
‘निधी’ रुळला, पण दुसरीकडे. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, भविष्य निर्वाह निधी. पुरलेलं धन सांगायचं तर कायद्यालासुद्धा त्याआधी ‘निखात’ जोडावं लागलं. १८७८ चा तो कायदा म्हणतो, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा. ‘निखात निधीचं बेट’ कुठलं मूल हातात घेईल? आणि खजिना उसना म्हणाल, तर जिम लपला ते ‘पीप’ पोर्तुगीज आहे. किनाऱ्यावरच्या आम्हा लोकांना ते परकं कधी वाटलं नाही.

अक्षरगंध
खजिन्याचं आणखी एक नातं. त्याच अरबी धातूपासून ‘मख्झन’, म्हणजे कोठार, आणि त्याचं युरोपात फिरून आलेलं रूप ‘मॅगझिन’. ही गोष्ट १८८१-८२ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली, पुस्तक १८८३ चं. म्हणजे खजिना आधी मॅगझिनातच होता. मला हे फार आवडतं.

उंबरठा
आणि ‘घबाड’? तो शब्द कुणीच काढला नाही. पंचांगात आजही ‘घबाड’ मुहूर्त छापतात. अवचित हाती लागण्यातला हर्ष खजिन्यात नाही, घबाडात आहे.

पंतोजी
घबाडाला आता लाचखोरीच्या बातम्यांचा डाग लागलाय. छाप्यात सापडतं ते घबाड.

दर्यावर्दी
डाग लागला म्हणून शब्द सोडायचा, हे तुम्हीच म्हणताय? मग ‘पलायना’चा डाग का चालतो?

पंतोजी
तो संज्ञा आहे, हा बोलीतला शब्द. दोन्हींना एक माप लावता येत नाही.

रातराणी
पुढच्या अंकात खुलासा द्यायचा आहे, मजकूर शुक्रवारपर्यंत हवा. माझा ‘विसावा’च परत घालायला सांगू का?

पंतोजी
‘विसावा’त साहस कुठे आहे? भक्तिगीतांच्या संग्रहालाही तेच लिहाल. वाचकाला पुस्तकाची जात कळायला हवी.

अक्षरगंध
जात ‘साहसकथा’ने कळते. ताई सांगतायत ते वाचणाऱ्याचं काय होतं त्याबद्दल. दोन शब्द लागतील, एकात मावायचं नाही.

विदर्भवारा
शेवटच्या प्रकरणात जिम गुहेत बसून नाणी निवडतो, ते आठवतं का? त्यात व्हेनिसचे सिक्विनही आहेत. ती आपली ‘पुतळी’. नाण्यावर उभी माणसं कोरलेली, म्हणून पुतळी. काल हे वाचून आजीची पुतळ्यांची माळ काढली. मधल्या पुतळीवरचा माणूस झिजून नुसती उभी रेघ राहिलीय, पण बोट फिरवलं की खांदा लागतो. मुलगा म्हणाला, ही बेटावरचीच का?

दर्यावर्दी
माळेतल्या पुतळ्या बहुतेक इथल्या सोनारांनी त्या नाण्यांवरून घडवलेल्या असतात. तरी भिंग लावून कडेची अक्षरं बघा. उलटी किंवा नुसत्या रेघोट्या दिसल्या तर इथली समजा.

विदर्भवारा
कडेला टिंबांची गोल ओळ आहे, आत काहीतरी अक्षरासारखं. उद्या उजेडात बघतो.