फिनिक्सच्या वाळवंटात लोक हौसेनं का राहायला जातात? आई-बाबांना न्यावं का?

खानापूर_रोड

धाकटा भाऊ अमेरिकेतल्या ॲरिझोनात आहे, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये. तिथं घर घ्यायचं म्हणतोय आणि आई-बाबांना (६८ आणि ७४) वर्षातले सहा महिने तिकडं न्यायचं चाललंय. आईचा दमा जूनला पाऊस लागला की उसळतो. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास, जुलैत आठ-आठ दिवस ऊन नाही, बेळगावातल्या टिळकवाडीकरांना वेगळं सांगायला नको. बाबांचे गुडघे धरलेत आणि त्यांना सकाळ-संध्याकाळ फिरल्याशिवाय चैन पडत नाही. भाऊ म्हणतो तिकडं वर्षात तीनशे दिवस ऊन. पण पन्नास अंशांच्या बातम्या आपणही वाचतो की.

तर विचारायचं असं, की लाखो लोक आपणहून तिथं का जातात? दम्याला खरंच फरक पडतो का? सहा महिने कोणते? आणि घर घेताना काय बघायचं?

अनगोळ_नाका

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऊन नाही, नोकरी आणि घर आहे. ऊन हा वरचा मसाला.

१९५० साली फिनिक्सची वस्ती लाख-सव्वालाख होती, २०२०च्या जनगणनेत १६ लाखांवर गेली. मधल्या काळात तीन गोष्टी झाल्या. घरोघर एसी आला. १९४९ला मोटोरोलानं तिथं प्रयोगशाळा काढली, मग चँडलरला इंटेल आली, आता तैवानच्या टीएसएमसीचा चिप कारखाना उभा राहिलाय. चक्रीवादळ नाही, भूकंपाचा फारसा त्रास नाही, सपाट जमीन मुबलक, असल्या जागा चिपवाल्यांना लागतात. तिसरं म्हणजे १ जानेवारी १९६०ला सुरू झालेली सन सिटी, फक्त निवृत्तांसाठी वसवलेलं गाव. बर्फ उपसून कंटाळलेली उत्तरेकडची म्हातारी माणसं तिथं आली. राज्याचा आयकर २०२३पासून सरसकट अडीच टक्के, आणि कॅलिफोर्नियातलं घर विकून येणाऱ्याला इथलं घर स्वस्त वाटतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती माणसं बर्फातून पळून येतात, तुम्ही पावसातून पळताय. त्यांचा वाईट काळ डिसेंबर ते मार्च, तेव्हा फिनिक्स उत्तम असतं, दुपारी २० अंश, पहाटे ७-८. तुमचा वाईट काळ जून ते सप्टेंबर, आणि नेमके तेच फिनिक्सचेही वाईट महिने. ऑक्टोबर ते एप्रिल तिकडं नेलंत तर बेळगावचा चांगला हिवाळा सोडून तिकडच्या चांगल्या हिवाळ्यात गेल्यासारखं. दमा उसळतो तेव्हा आई इथंच.

जुलैत तिथं दुपारचं सरासरी तापमान ४१च्या वर असतं, आणि रात्रीही पारा ३०च्या आसपासच अडतो. २०२३ला सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वर होते. त्या वर्षी फिनिक्सच्या त्या एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) उष्म्यानं ६४५ माणसं दगावली. बाबा फिरणार ते पहाटे पाच ते सहा, नाहीतर मॉलमध्ये. दुपारी डांबरावर अनवाणी पाय टेकला तर भाजतो, तोल जाऊन पडलेले म्हातारे भाजल्याच्या वॉर्डात जातात.

सदाशिवनगर

दम्याचं जरा नीट बघूया.

कोरडी हवा छातीला चांगली ही समजूत जुनी. एकेकाळी क्षयाचे रोगी ॲरिझोनात येऊन तंबू ठोकून राहायचे, फिनिक्सची सनीस्लोप वस्ती त्यातूनच वाढली. आईला पावसाळ्यात त्रास होण्याची मुख्य कारणं दोन असावीत, बुरशी आणि गादी-उशीतले धुळीचे बारीक किडे. हवेत पन्नास टक्क्यांच्या खाली दमटपणा राहिला की हे किडे जगत नाहीत. फिनिक्सच्या घरात तो बहुतेक वेळ त्याच्या बराच खाली असतो. म्हणजे आईच्या चाचणीत किडे किंवा बुरशीची ॲलर्जी निघाली तर फायदा दिसेल. परागकणांची निघाली तर आनंदच आहे, कारण तिथं लोकांनी हौसेनं लावलेली ऑलिव्ह, तुती आणि बर्म्युडा गवत वसंतात चांगलाच त्रास देतात. उन्हाळ्यात छातीला झोंबणारा ओझोन वायूही हवेत वाढतो. तेव्हा आधी इथंच त्वचेवर करतात ती ॲलर्जी चाचणी करून घ्या, तिकीट नंतर.

दुसरं, व्हॅली फीव्हर. त्या मातीत एक बुरशी असते, वारा सुटला किंवा खोदकाम झालं की तिचे बीजाणू श्वासात जातात. निम्म्याहून जास्त लोकांना कळतही नाही. बाकीच्यांना एक ते तीन आठवड्यांत ताप, खोकला, जबर थकवा. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टर साधा न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देतात, ती बुरशीवर चालत नाही आणि आठवडे वाया जातात. खोकला हटत नसेल तर व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी असं नाव घेऊन मागायची. मधुमेह असेल किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार लागत असतील तर जास्त जपायचं. धुळीची भिंत येते (तिकडं तिला हबूब म्हणतात), तेव्हा दारं-खिडक्या बंद, एसी बाहेरची हवा ओढत असेल तर तोही बंद.

गुडघ्यांबद्दल भाबडी आशा नको. उबेनं आखडलेपण कमी वाटतं एवढंच, झिजलेली कूर्चा उन्हानं भरून येत नाही.

बाबा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात का? तिथं घाम अंगावर दिसतच नाही, आला की उडतो. तहान लागेपर्यंत शरीर कोरडं पडलेलं असतं. पाणी किती वाढवायचं आणि गोळीचा डोस हे जाण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि इनहेलर गाडीत कधीही ठेवायचा नाही, बंद गाडीत ६०-७० अंश होतात. डबी फुटू तरी शकते, नाहीतर औषध तरी नीट येत नाही.

उद्यमबाग_लेथ

घराचं मी सांगतो.

एसी आधी. किती टनाचा हे सगळे विचारतात. किती जुना आणि गार हवा खोल्यांत नेणारे डक्ट कुठून गेलेत हे कुणी विचारत नाही. डक्ट बहुतेक माळ्यावरून जातात आणि उन्हाळ्यात तिथं ६० अंशांच्या वर तापतं. सांधा उसवला की गार हवा माळ्याला, बिल तुम्हाला. डक्टची गळती चाचणी करून मागा. दहा-बारा वर्षांच्या पुढचं यंत्र असेल तर बदलायचा खर्च किमतीतून तोडून घ्या.

भर जुलैत एसी बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कपॅसिटर. डबीएवढा भाग, उष्णतेनं फुगतो, मग बाहेरचं यंत्र नुसतं हुं-हुं करतं, पंखा फिरत नाही. भाग स्वस्त, पण त्या दिवशी सगळ्या गावाचेच फुगलेले असतात आणि मेकॅनिक तीन दिवसांनी येतो. म्हणून एप्रिलमध्येच मोजून घ्यायचा, त्यावर छापलेल्या क्षमतेच्या आकड्यापेक्षा (मायक्रोफॅरॅडमध्ये असतो) सहा टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर बदलायचा. तो वीज काढल्यावरही भारलेला राहतो, भावाला म्हणावं हात घालू नकोस. फिल्टर उन्हाळ्यात महिन्याला बदलायचा. एसीचं पाणी जायची नळी शेवाळानं तुंबते, तिच्यात मधूनमधून कपभर व्हिनेगर ओतायचं.

जुन्या घरांवर पाण्याचा कूलर असतो. मे-जूनच्या कोरड्या हवेत झकास चालतो, जुलैत तिथलाही मान्सून आला की निकामी. दमेकऱ्याच्या घरात तो नकोच, घर परत दमट करतो. मग बेळगाव सोडलं कशाला?

विजेचे दर वेळेप्रमाणे बदलतात. एका मोठ्या कंपनीच्या योजनेत सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ ते ७ महाग. त्याआधी घर २३-२४ अंशांपर्यंत गार करून घ्यायचं आणि त्या तीन तासांत २७वर सोडायचं. भिंती-फरशी थंडावा धरून ठेवतात.

पाणी फार जड. गीझर, नळ, भांडी सगळ्यांवर पांढरा थर. सॉफ्टनर बसवतात, पण तो मिठावर चालतो, पाण्यात सोडियम उतरतं. बीपीवाल्यांच्या पिण्यासाठी सिंकखाली वेगळा आरओ घ्या.

खानापूर_रोड

सगळ्यांचे आभार. आई म्हणतेय घर पूर्वाभिमुखच हवं. आणि वाळवंटात पाणी पुरेल का हो?

उद्यमबाग_लेथ

पूर्वाभिमुख म्हणजे मागची बाजू पश्चिमेला. तिथल्या घरांत बैठकीची मोठी काच आणि अंगण मागेच असतं, म्हणजे दुपारी तीन ते सात तिरपं ऊन थेट सोफ्यावर. बेळगावात सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, फिनिक्स ३३ अक्षांशावर, तिथं कधीच येत नाही. दक्षिणेच्या काचेला छज्जा पुरतो, पश्चिमेच्या काचेला छज्ज्यानं काही होत नाही. म्हणून जाणकार उत्तर-दक्षिण घर शोधतात. आईंना पूर्वेला दार हवंच असेल तर मागं आठ-दहा फुटांचा पत्रा-मांडव आणि काचेबाहेर ऊन अडवणारी सोलर जाळी, दोन्ही धरून हिशेब करा.

तुळस कुंडीत लावायची तर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी वर हवी, आणि जानेवारीच्या दहिवरात रात्री आत घ्यायची.

राकसकोप

पाण्याबद्दल. शहरातल्या नळाचं पाणी उद्या आटत नाही, पण फुकटचं नाही. आपल्याला राकसकोप आणि हिडकलहून येतं, फिनिक्सला एक वाटा १९११च्या रूझवेल्ट धरणातून आणि दुसरा कोलोरॅडो नदीतून. कोलोरॅडोचं पाणी आणणारा कालवा ५४० किलोमीटर, वाटेत पाणी पंपांनी जवळपास ८८० मीटर वर चढवतात. नदी आटली म्हणून २०२२मध्ये ॲरिझोनाचा वाटा सुमारे १८ टक्के कापला, बहुतेक झळ शेतकऱ्यांना बसली. १९८०च्या कायद्यानं तिथं नवी वसाहत काढणाऱ्याला शंभर वर्षांचं पाणी दाखवावं लागतं, आणि २०२३च्या जूनमध्ये फिनिक्स भागात फक्त भूजलावर नवे दाखले देणं थांबवलं. पण थोडेथोडके प्लॉट पाडून ही अट चुकवतात. रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाच्या वस्तीत टँकरनं पाणी यायचं, १ जानेवारी २०२३ला शेजारच्या शहरानं ते बंद केलं. घर नगरपालिकेच्या पाण्यावर आहे की विहीर-टँकरवर, एवढं कागदावर बघा. चँडलर शहरात असेल तर ही काळजी कमी.

अनगोळ_नाका

महिन्यांचं राहिलं. व्हिजिटर व्हिसावर सहसा एका वेळी सहा महिने मिळतात. पहिल्या खेपेला ऑक्टोबर अखेर ते मार्च नेऊन बघा, बाबांना फिरायला मिळेल, आईची छाती तिकडं कशी राहते ते कळेल. पण त्या एका हिवाळ्यावरून कायमचं ठरवू नका. विमा घेताना आधीपासूनच्या दम्यावर काय मिळतं ती ओळ वाचा, बहुतेकांत फक्त अचानक आलेला झटका धरतात आणि वयाप्रमाणे रक्कम कापतात.

आणि खरं विचाराल तर पावसाळ्यासाठी एवढं लांब जायलाच हवं असं नाही. आपल्याच जिल्ह्यात खानापूरकडं धो-धो आणि अथणी-रायबागकडं ढग नुसतेच पुढं जातात. जून ते सप्टेंबर अथणीला दोन खोल्या भाड्यानं घेऊन एक पावसाळा काढून बघा. तिथं आईला आराम पडला तर कोरड्या हवेचा उपयोग आहे हे कळलं, तेही विमानाच्या तिकिटाआधी.

उद्यमबाग_लेथ

+१ अथणीला. आणि भावाला सांगा, घर बघायला जुलैत संध्याकाळी पाच वाजता जा, एजंट सकाळचीच वेळ देईल. आत गेल्यावर पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावायचा आणि वीस मोजायचे. हात काढावासा वाटला तर पुढचं घर.