चारच विजेते असलेली डब्ल्यूसीएचए महिला आइस हॉकी स्पर्धा हवी कशाला?

धागाप्रस्ताव (हिमरेषा)
अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला आइस हॉकीत वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन, म्हणजेच डब्ल्यूसीएचए, हा सर्वांत बलाढ्य विभाग मानला जातो. मात्र २००० सालच्या पहिल्या विभागीय स्पर्धेपासून २०२५ पर्यंत तिचा चषक मिनेसोटा-डुलुथ, मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि ओहायो स्टेट या चार विद्यापीठांबाहेर गेलेला नाही, आणि त्यांतील ओहायो स्टेटलाही त्यासाठी २०२० उजाडावे लागले. हंगामभराच्या साखळीतून गुणतक्ता तयार झालेला असताना मार्चमध्ये त्याच संघांना पुन्हा बाद फेरीत उतरवण्यात मला काही हशील दिसत नाही. साखळीतील अव्वल संघालाच विजेता घोषित करावे.

प्रतिसाद (जादा वेळ)
सपशेल असहमत. २०१५ च्या उपांत्य सामन्यात बेमिजी स्टेटने बलाढ्य मिनेसोटाला १-० असे नमवले होते. मोठ्या संघाचे एकापाठोपाठ एक फटके अडवत एका गोलची आघाडी शेवटच्या क्षणापर्यंत राखण्याची संधी लहान विद्यापीठातील मुलींना गुणतक्ता देत नाही. ती बाद फेरीतच मिळते.

प्रतिसाद (हिमरेषा)
पुढचेही सांगावे. अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनने त्याच बेमिजीला ४-० ने हरवले, आणि मिनेसोटाने त्याच महिन्यात एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे, राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. मग त्या धक्क्याने नेमके काय बदलले?

प्रतिसाद (जुना चाहता)
राष्ट्रीय विजेतेपदाच्याच मापाने सगळे मोजायचे, तर या खेळाचा अर्धा इतिहास पुसावा लागेल. महिलांसाठी एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली. ईसीएसी या पूर्वेकडील महाविद्यालयांच्या संघटनेची स्पर्धा १९८४ पासूनची आहे आणि त्या काळी तिच्यापलीकडे जिंकण्यासारखे फारसे काही नव्हते. १९९६ मध्ये न्यू हॅम्पशायर आणि प्रॉव्हिडन्स यांच्यातील तिचा अंतिम सामना पाचव्या जादा डावापर्यंत लांबला आणि १४५ मिनिटे ३५ सेकंदांच्या खेळानंतर न्यू हॅम्पशायरने तो ३-२ असा जिंकला. साठ मिनिटांच्या सामन्यासाठी त्या मुली दोन सामन्यांहून अधिक वेळ बर्फावर झुंजल्या! त्या विजयाला विभागीय म्हणून कमी लेखायला माझे मन धजावत नाही.

प्रतिसाद (निळी रेघ)
१९९६ चा दाखला हृद्य असला, तरी तो आजच्या डब्ल्यूसीएचएला लागू होत नाही. येथे पहिली फेरी वरच्या मानांकित संघाच्या मैदानावर, तीनपैकी दोन सामने जिंकण्याच्या मालिकेने खेळली जाते, त्यामुळे एखाद्या दिवशी गोलरक्षक अफाट खेळली तरी दुबळा संघ बहुधा मालिका गमावतोच. भरीस भर म्हणजे अंतिम टप्पा अनेकदा मिनियापोलिसच्या रिडर अरीनात, म्हणजे मिनेसोटाच्या घरीच भरतो. स्पर्धा बंद करू नये, पण पहिली फेरी एकाच सामन्याची करावी.

प्रतिसाद (गोलजाळी)
खरा प्रश्न संघ टिकवण्याचा आहे. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने हा चषक कधीच जिंकला नाही आणि २०१७ मध्ये खर्चकपातीत आपला महिला संघच बंद केला. पुढच्याच वर्षी प्योंगचांग ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध अमेरिकेला बरोबरी साधून देणारी मोनिक लामुरो आणि शूटआउटमध्ये निर्णायक गोल करणारी तिची जुळी बहीण जोसलिन याच विद्यापीठातून खेळलेल्या! त्यानंतर सेंट थॉमस विद्यापीठाचा संघ येईपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, हा विभाग सातच संघांवर चालला.

प्रतिसाद (हिमरेषा)
म्हणजे स्पर्धा असूनही संघ बंद पडलाच ना?

प्रतिसाद (गोलजाळी)
पडला, पण जे उरले त्यांचा विचार करा. विभागीय स्पर्धेच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. विस्कॉन्सिनला त्याची गरज क्वचितच भासते, कारण त्यांना मानांकनावरही निमंत्रण मिळतेच. बेमिजी किंवा सेंट क्लाउड स्टेटसारख्या संघाला मात्र साखळीत पाचवे-सहावे आल्यानंतर तेथे पोहोचण्याचा दुसरा मार्ग जवळजवळ उरत नाही, आणि आपण नेमका तोच बंद करायला सांगत आहात.