पटकथालेखनाचा ऑनलाइन क्लास निवडायचा कशावरून?

निळी_शाई
नमस्कार मंडळी, एक फिल्मची गोष्ट खूप दिवस डोक्यात घोळतेय, सुरुवात माहितीय, शेवट माहितीय, मधे सगळा आनंदीआनंद. कथा लिहिते अधूनमधून, पण पटकथा कधी लिहिली नाही. नोकरी सांभाळून जमायला हवं म्हणून ऑनलाइनच बघतेय आणि आता तीन ठिकाणी अडकलेय. एक रेकॉर्डेड आहे, खूप मोठ्या लेखकाचा, पाहिजे तेव्हा बघा. दुसरा आठ आठवड्यांचा, लाइव्ह, शिकवणारं नाव मी तरी ऐकलेलं नाही. तिसरा वर्षभराचा, सर्टिफिकेट आहे आणि वर 'इंडस्ट्री कनेक्ट', म्हणजे फिल्मवाल्यांशी ओळखी करून देणं म्हणतात, तोही आहे. काय बघून ठरवायचं? सर्टिफिकेटला काही किंमत असते का? सॉफ्टवेअर आधीच विकत घ्यावं लागतं का? आणि हसू नका, पण क्लासमधे आपली गोष्ट सांगितली आणि कोणी ढापली तर?

कट_टू
सर्टिफिकेटचं आधी उरकून टाकू. पटकथा वाचणारा माणूस पहिली दहा पानं वाचतो आणि त्यातच काय ते ठरवतो, तुम्ही कुठून शिकलात हे तो शेवटी विचारलं तर विचारतो. शिकवायची नोकरी वगैरे करायची असेल तर गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याचं. जाहिरातीत अभ्यासक्रम वाचत बसू नका, तो सगळीकडे उन्नीस-बीस तोच असतो, तीन अंक, पात्राला काय हवंय, अडथळा काय, मिडपॉइंट म्हणजे मधलं वळण, क्लायमॅक्स. विचारायचं हे की माझी लिहिलेली पानं कोण वाचणार, किती वाचणार, आणि मी सुधारून दिल्यावर तीच पानं परत वाचणार का. या तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण गुळमुळीत उत्तर देतात, तिथेच ओळखायचं. पटकथा पहिल्या ड्राफ्टमधे होतच नाही, रीराइटमधे होते, आणि रीराइट कोणी वाचणारच नसेल तर तो क्लास म्हणजे व्याख्यानमाला झाली.

लाइव्ह शब्दावरही भुलू नका. दोन तासांचा क्लास आणि बॅचमधे २४ जण असतील तर सरांनी एक शब्द न शिकवता नुसतं सगळ्यांचं वाचायचं म्हटलं तरी माणशी पाच मिनिटं येतात. पाच मिनिटांत 'छान आहे, अजून खोलात जा' एवढंच होतं. म्हणून बॅच केवढी ते विचारा आणि शेरे लेखी मिळतात का तेही विचारा.

चांगला शेरा कसा असतो ते सांगतो. तुम्ही कथा लिहिता ना, मग तुम्ही पहिल्याच पानावर हे लिहिणार: 'सुधा उदास आहे. तिला भावाशी केलेलं भांडण आठवतं.' वाईट मास्तर म्हणणार भावना छान पोचली. चांगला मास्तर समासात लिहिणार, 'हे कॅमेऱ्याला कुठे दिसलं?' मग तुम्ही डोकं खाजवून लिहिणार की सुधा फोनमधे भावाचा नंबर काढते, अंगठा वर धरून थांबते, फोन पालथा ठेवते. भांडणाचा उल्लेखही नाही आणि बघणाऱ्याला कळलं. ही सवय लागायला कोणीतरी ओळीओळीवर बोट ठेवणारं लागतं, व्हिडिओ बघून लागत नाही. कथालेखकांना तर हे फारच जड जातं कारण मनात शिरायची सोय काढून घेतल्यासारखं होतं.

फुकट_फौजदार
कट_टू यांचं पटतंय पण रेकॉर्डेडला एवढं झोडू नका हो. मास्टरक्लास नावाच्या साइटवर हॉलिवूडचा पटकथालेखक ॲरन सॉर्किनचा कोर्स २०१६ मधे आला, पुढच्या वर्षी अमेरिकन मालिका लिहिणाऱ्या शोंडा ऱ्हाइम्सचा, हे लोक एखाद्या सीनचा विचार कसा करतात ते ऐकायला मजा येते आणि उत्साह चढतो. फक्त उत्साह म्हणजे ड्राफ्ट नव्हे एवढं लक्षात ठेवायचं. मधला मार्ग म्हणजे कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचा मालिकेचा पायलट, म्हणजे पहिला एपिसोड लिहायचा कोर्स आहे, तिथे टप्प्याटप्प्याने लिहून घेतात आणि सोबत शिकणारेच एकमेकांचं तपासतात. आता सोबतचे कसे निघतात हा नशिबाचा भाग, एखादा मनापासून पानभर लिहितो आणि एखादा 'गुड जॉब' लिहून पळतो. नीट मास्तर, दर आठवड्याला गृहपाठ असं हवं तर यूसीएलए एक्स्टेन्शनचे रायटर्स प्रोग्रॅममधले ऑनलाइन वर्ग आहेत, पण तिथे मधेच दांडी मारून चालत नाही.

आणि क्लासआधी एक काम फुकटात होतं ते करा, स्क्रिप्ट वाचा. बीबीसीच्या लेखकांसाठीच्या साइटवर मालिकांच्या खऱ्या पटकथा वाचायला ठेवल्यात. पाच-सहा वाचल्या की सीन हेडिंग (सीन कुठे, कधी घडतो ती ओळ) कसं असतं, ॲक्शनच्या, म्हणजे पडद्यावर काय दिसतं ते सांगणाऱ्या ओळी किती तोकड्या असतात, संवाद पानाच्या मधे का येतो हे आपसूक कळतं आणि क्लासचे पहिले दोन आठवडे त्यात जात नाहीत.

सॉफ्टवेअर आत्ता अजिबात घेऊ नका. फायनल ड्राफ्ट नावाचं सॉफ्टवेअर व्यवसायात चालतं म्हणून सगळे नाव घेतात, पण शिकायला ट्रेलबी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, नाहीतर फाउंटन नावाची साध्या टेक्स्टमधे लिहायची पद्धत आहे, ती मोबाइलच्या नोट्समधेही जमते.

रात्रपाळी
त्या तिसऱ्या क्लासबद्दल बोलतो. अशाच एका वर्षभराच्या कोर्सला होतो, नाव घेत नाही, 'इंडस्ट्री कनेक्ट' म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यात सणाच्या शुभेच्छा आणि पुढच्या बॅचची जाहिरात. शेवटी पिचिंग सेशन, म्हणजे फिल्म बनवणाऱ्यांपुढे आपली गोष्ट मांडायची बैठक होती, तीही मागच्या बॅचच्या मुलांसमोर 😀 सगळेच असे असतील असं नाही, पण कनेक्ट म्हणजे नक्की कोण येतं, काय वाचतं, मागच्या बॅचमधल्या कोणाशी बोलता येईल का, हे भरती होण्याआधी विचारून घ्या. टाळाटाळ केली तर समजून जा.

चोरीचं. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती तुम्ही ज्या शब्दांत मांडलीय त्याला मिळतो. म्हणजे 'दोन भाऊ, एक घर, एक खोटं मृत्युपत्र' ही नुसती ओळ कोणाचीच नाही, पण तुम्ही लिहिलेली वीस पानं तुमची. म्हणून क्लासमधे तोंडी गोष्ट सांगत सुटण्यापेक्षा लिहिलेलं, तारखेसकट मेलने पाठवलेलं बरं. बॅचमधल्या लोकांची भीती मला फारशी वाटत नाही, ज्याला त्याला आपापल्याच गोष्टीचं पडलेलं असतं. त्यापेक्षा क्लासच्या अटी वाचा, बारीक अक्षरातल्या. जमा केलेल्या लिखाणावर संस्थेला हक्क राहील असं काही दिसलं तर तिथून निघा, मास्तर कितीही मोठा असो.

निळी_शाई
बापरे, एवढं सगळं! आठ आठवड्यांवाल्यांना लगेच मेल टाकला, उत्तरही आलं. बॅचमधे १० जण, प्रत्येकाची पानं दोनदा वाचतात, शेरे लेखी देतात, हक्क लिहिणाऱ्याचेच. पण शिकवणाऱ्या बाईंना मराठी येत नाही आणि मला तर मराठीतच लिहायचंय. आणि आठ आठवड्यांत पूर्ण फिल्म होते का हो?

कट_टू
पूर्ण होत नाही आणि होते म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. फिल्मची पटकथा साधारण ९० ते १२० पानं. नोकरी करून पहिल्यांदा लिहिणाऱ्याची आठ आठवड्यांत वनलाइन (एका ओळीत गोष्ट), सीनवार आराखडा आणि पहिल्या अंकाची २५-३० पानं झाली तर भरून पावलं. आणि तुमचं अडलंय मधल्या भागात, ते आराखड्यातच सुटतं, संवाद लिहीत गेलात तर पन्नासाव्या पानावर गाडी रुतणार.

भाषेचं म्हणाल तर आराखडा आणि ॲक्शन इंग्रजीत दिलं तर बाईंना गोष्टीची बांधणी नीट तपासता येईल, तिथे भाषा आड येत नाही. संवादांचं मात्र त्यांना काही सांगता येणार नाही, भाषांतर करून दिलेत तर त्या तुमच्या भाषांतराला शेरे देतील. तेवढ्यासाठी मराठी बोलणारे चार जण व्हिडिओ कॉलवर जमवा, प्रत्येकाला एक पात्र द्या आणि वाचून घ्या. तुम्ही स्वतः वाचू नका, नुसतं ऐका, जिथे वाचणारा अडखळतो त्या ओळीवर खूण करा.

फुकट_फौजदार
एक राहिलं. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा हिशोब १२ पॉइंट कुरिअर टाइपावर बसवलेला आहे. कुरिअरमधे देवनागरी नाही, त्यामुळे मराठीत लिहिलंत की पानं मोजून लांबी कळत नाही. एक सीन मोठ्याने वाचा, घड्याळ लावा, त्यावरून तुमच्या पानाला किती मिनिटं पडतात ते काढा आणि बाईंनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर फिल्म लांबली म्हणून उगाच कात्री लावायला सांगतील.

निळी_शाई
फॉर्म भरला. मंगळवारी पहिला क्लास आहे, त्याआधी वनलाइन मागितलीय. व्हिडिओ कॉलवर पात्रं वाचायला कोण तयार आहे? थोरल्या भावासाठी भसाडा आवाज हवाय.

रात्रपाळी
भसाडा म्हटल्यावर माझंच नाव लिहा.