जुन्या टिपणातील साखळी व आणे यांचे फुटांत रूपांतर कसे करावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या पुरंदर तालुक्यातील वडिलोपार्जित शेताच्या जुन्या टिपणाची, म्हणजे मोजणीच्या वेळी मापे लिहिलेल्या सरकारी कागदाची, नक्कल मी नुकतीच काढली. त्यात पूर्वेकडील बांधाची लांबी '६.१०' अशी लिहिली असून वर 'साखळी' एवढाच उल्लेख आहे. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले माझे चुलते सांगतात की साखळी ६६ फुटांची असते. त्या हिशोबाने बांध ४०२ फुटांहून अधिक भरतो, पण जागेवर टेपने तो जेमतेम २१९ फूट आहे. शेजारच्या शेतकऱ्यांनी साखळी ३३ फुटांची धरली, ६.१० ला ३३ ने गुणून २०१ फूट काढले आणि आमचा बांध त्यांच्या रानात जवळपास १८ फूट सरकला आहे असे म्हणू लागले. दोन पिढ्यांचा घरोबा आहे, त्यामुळे वाद वाढण्यापूर्वी खरा हिशोब समजून घ्यायचा आहे.

उत्तर १

मी भूमापनाच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत आणि नेमक्या याच चुकीतून उभे राहिलेले तंटे पाहिले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या शेजाऱ्यांनी साखळी बरोबर धरली आहे. एडमंड गुंटर यांची १६२० ची साखळी ६६ फुटांची व १०० कड्यांची असून बांधकामाकडील लोकांच्या डोक्यात तीच असते. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत मात्र तिच्या निम्मी, म्हणजे ३३ फुटांची साखळी वापरली गेली आणि तिचे १६ भाग करून प्रत्येक भागाला 'आणा' म्हटले गेले. म्हणून टिपणातील टिंब हे दशांश चिन्ह नाही. रुपये-आणे जसे लिहीत, तसेच ते ६ साखळ्या आणि १० आणे असे वाचायचे. त्या टिंबापुढे १५ पर्यंतचे आकडे येतात, १६ वा आणा झाला की पुढची साखळी लागते. आपल्या नकलेत कुठे टिंबापुढे १२ किंवा १४ दिसत असेल तर ते ताडून पाहा.

एक आणा म्हणजे २ फूट पाऊण इंच. सहा साखळ्यांचे १९८ फूट आणि दहा आण्यांचे २० फूट साडेसात इंच, मिळून २१८ फूट साडेसात इंच, म्हणजे ६६.६४ मीटर. आपल्या टेपने २१९ दाखवले, याचा अर्थ बांध जागच्या जागी आहे. राहिलेल्या चार-पाच इंचांवर कोणी बोट ठेवू नये. लोखंडी साखळीच्या कड्या वापराने झिजून ती लांबत असे, शिवाय टिपणातील माप आडव्या पातळीतले असते. आपण उतारावर टेप जमिनीला टेकवून धरली असेल तर माप थोडे जास्तच येणार.

उत्तर २

वरील उत्तर अचूक आहे. क्षेत्र काढताना याच 'आण्या'मुळे दुसरी एक गफलत होते, तीही सांगणे गरजेचे वाटते.

३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट; असे ४० गुंठे म्हणजे एकर. लांबी साखळीत असली की गुणाकार थेट गुंठ्यात येतो, ही या पद्धतीची मोठी सोय होती. पण गुंठ्याचेही १६ आणे करतात, आणि तो क्षेत्राचा आणा ६८ चौरस फुटांचा असतो, तर लांबीचा एक आणा गुणिले एक आणा म्हणजे फक्त सव्वाचार चौरस फूट. समजा आपले शेत सरळ काटकोनी असून रुंदी ४ साखळ्या ८ आणे आहे. तर आण्यांचे सोळांश करून (१० आणे म्हणजे ०.६२५ साखळी) ६.६२५ गुणिले ४.५ म्हणजे २९.८१२५ गुंठे, अर्थात २९ गुंठे १३ आणे. सातबाऱ्यावर हेच क्षेत्र सुमारे ३० आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर) दिसेल, कारण एक गुंठा १.०११७ आर होतो. गुंठा आणि आर एकच मानून चालणारे पुष्कळ आहेत. एका गुंठ्याला फरक जाणवत नाही, पण एकरामागे तो जवळजवळ अर्ध्या आरचा होतो.

उत्तर ३

घरात त्याहून जुने इनामाचे कागद असतील तर त्यांतील 'काठी' या मापाला हा हिशोब लावू नये. शिवकाळातील काठी पाच हात आणि पाच मुठींची, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. हाताची लांबी प्रदेशागणिक बदलत असल्यामुळे काठीला फुटांचा एकच आकडा देता येत नाही, म्हणून अशा कागदावरून बांधाची जागा ठरवू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. नक्कल पुन्हा पाहिली. उत्तरेच्या बांधावर '३.१४' आहे, आणि तो टेपने १२८ फूट भरला. तीन साखळ्या चौदा आणे म्हणजे १२७ फूट साडेदहा इंच, त्यामुळे शंका उरली नाही. आज संध्याकाळी शेजाऱ्यांकडे कागद नेऊन हा हिशोब त्यांच्या समोरच मांडला आणि त्यांनी स्वतः आकडेमोड करून पाहिली. तरीही दोघांनी मिळून हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करायचे ठरवले आहे, म्हणजे खुणा सरकारी मोजणीने पक्क्या होतील.