घरातला राग: शाप की वळण?

प्रश्न: आजोबा, वडील, आता मुलगा; तिघांचाही हात पटकन उठतो. बायबलच्या निर्गम २०:५ मधला, वडिलांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचण्याचा शाप तो हाच का? तोडायचा कसा?

उत्तर: ते वचन अर्धवट वाचलं जातं. पुढच्याच सहाव्या वचनात हजारोंवर दया आहे. यहेज्केल १८:२० तर स्पष्टच सांगतं, बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. दोष वारशाने येत नाही, वळण येतं. आणि १ पेत्र १:१८ त्याच वाडवडिलांच्या वळणातून सुटकेबद्दल बोलतं.

उत्तर: प्रार्थनेसोबत वही घ्या. तीन पिढ्यांची नावं लिहा, प्रत्येकापुढे राग कशावरून येतो आणि मग काय होतं. बहुतेकदा ठिणगी एकच निघते, उदाहरणार्थ उलट उत्तर. ती पडली की वीस मिनिटं खोलीबाहेर जा. तरीही ओरडलात, तर त्याच दिवशी मुलासमोर खाली बसून म्हणा, ‘मी ओरडलो, चुकलो.’ पुढे ‘पण तू...’ जोडलंत की माफी गेलीच!

उत्तर: एका प्रार्थनासभेत सगळं तुटेल ही अपेक्षाच घात करते. राग परतला की माणूस खचतो. याकोब ५:१६ प्रमाणे एखाद्या परिपक्व विश्वासणाऱ्याला दर आठवड्याला खरं सांगा. मारहाण चालू असेल तर मात्र क्षमा म्हणजे सोसणं नव्हे. आधी बायकामुलांना सुरक्षित जागी हलवा.